नवलभाऊंचं फराळी गणित

नवलभाऊंनी शंकरपाळ्यांच्या डब्यात हात घातला तो खाण्यासाठी नव्हता, ही गोष्ट दिपमालावहिनींना आजही पटलेली नाही. शिकवण्यासाठी घातला होता, असं नवलभाऊ सांगतात. मग तोंड का हलत होतं, असं वहिनी विचारतात. यावर नवलभाऊ चष्मा काढून पुसायला लागतात, आणि चष्मा पुसणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही.

मूळ कारण मृणाली. मृणाली सहावीत. पाढे तिला तीसपर्यंत पाठ, बेरजा-वजाबाक्या एका दमात. पण तेच आकडे वाक्यात घालून दिले की तिचा चेहरा पाहुण्यांसमोर गाणं म्हणायला लावल्यासारखा व्हायचा. "पप्पा, यात बेरीज करायची का गुणाकार, तेवढं सांगा. पुढचं मी करते." नवलभाऊ म्हणायचे, विचार कर. ती प्रामाणिकपणे पंख्याकडे बघायची आणि म्हणायची, "भागाकार?" मग हळूच वडिलांचा चेहरा बघायची. चेहरा खुलला नाही की, "बरं, वजाबाकी." चार क्रियांपैकी तीन चुकल्या की चौथी बरोबर येतेच, असा तिचा अनुभव होता, आणि तो खोटा नव्हता.

नवलभाऊ बोरसे जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक. धुळ्याला गोंदूर रोडवरच्या नवचैतन्य कॉलनीत त्यांचं घर. दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या मोबाइलवर कुठल्याशा शिक्षकांच्या ग्रुपवरून फिरत फिरत एक मजकूर आला. सणाच्या खाऊतून मुलांना तर्क करायला शिकवा, असं त्यात होतं. नवलभाऊंनी तो दोनदा वाचला, स्वयंपाकघरात कोणी नाही असं पाहिलं, शंकरपाळ्यांचा डबा पुढच्या खोलीत आणला आणि मृणालीला समोर बसवलं.

"यात शंकरपाळे किती आहेत? न मोजता सांग."

"बेरीज का..."

"काहीच नाही. अंदाज."

"हजार," मृणाली म्हणाली, कारण हजार हा तिला सुरक्षित आकडा वाटला.

नवलभाऊंनी वाटी दिली. एक वाटी भरून मोजायला लावली, बेचाळीस निघाले. डबा रिकामा होईपर्यंत वाट्या ओतल्या, अकरा झाल्या. चारशे बासष्ट, मृणालीने लगेच सांगितलं. आता खरंच मोजून बघू, म्हणून दहा-दहाचे ढीग वर्तमानपत्रावर मांडायला सुरुवात झाली. तोवर शेजारची वृषाली आली, तिच्यामागे तिचा दुसरीतला भाऊ भूषण आला, आणि ढीग मांडताना हात रिकामे नसले तरी तोंडं रिकामी राहिली नाहीत. मोजणी संपली तेव्हा आकडा निघाला तीनशे एक्याण्णव.

मृणाली ढिगांकडे बघत राहिली. पंख्याकडे नाही, वडिलांकडे नाही, ढिगांकडे. मग म्हणाली, "एकाहत्तर कमी. पण एवढे खाल्ले नसतील. पहिली वाटी तुम्ही शिगोशीग भरली होती पप्पा, नंतरच्या मी सपाट भरल्या. म्हणजे थोडे खाल्ले आणि थोडे तुम्ही चुकवले."

नवलभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने वजाबाकी केली होती आणि कोणती क्रिया करायची हे कोणाला विचारलं नव्हतं. नेमक्या या भावपूर्ण क्षणी दिपमालावहिनी बाजारातून परत आल्या आणि त्यांना आपले शंकरपाळे वर्तमानपत्रावर, कालच्या निधनवार्तांवर, दहा-दहाच्या तुकडीने उभे असलेले दिसले.

निर्णय जागच्या जागी झाला. घरातल्या एकाही डब्याला हात लागणार नाही. गणित करायचं असेल तर घराबाहेर.

कंपाउंडच्या भिंतीपलीकडे झुलाल आबा खुर्ची टाकून बसलेले असतात. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत, आणि सल्ला मागितला नाही तरी देतात. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "नवलभाऊ, कसाले इतली मगजमारी करस?" ते म्हणाले. "पोरेसले शेंगा दे मोजाले. चुकनं का शेंग परत ली लेवानी. आमना मास्तर तसंच करे." आबांच्या त्या मास्तरांनी शाळेच्या वेळात किती शेंगा खाल्ल्या असतील, हा विचार नवलभाऊंच्या मनात आला, पण वडीलधाऱ्यांना असं विचारत नाहीत.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी सात मुलं उभी होती. वृषालीने बातमी पोहोचवली होती. शंकरपाळे मोजायचे आणि मोजताना खायचे, असा अभ्यास कॉलनीत पहिल्यांदाच निघाला होता. नवलभाऊंनी ठरवलं की दिवाळी झाली की प्रत्येक मुलाने आपापल्या घरून थोडा फराळ आणायचा आणि कॉलनीच्या हॉलमध्ये एक सकाळ गणितात घालवायची. साधी, घरगुती गोष्ट.

हॉलची किल्ली कॉलनीचे अध्यक्ष रविंद्र भदाणे यांच्याकडे असते. रविंद्रचा प्लॉटच्या खरेदी-विक्रीचा धंदा आहे आणि पुढच्या महापालिकेच्या निवडणुकीवर त्याचा डोळा आहे, त्यामुळे तो सगळ्यांशी फार नम्रपणे बोलतो. नवलभाऊंनी रीतसर अर्ज लिहून नेला. अर्ज लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कॉलनीत कोणी नाही.

रविंद्रने अर्ज वाचला, कपाटातून नियमावली काढली आणि खेदाने मान हलवली. "भाऊ, हॉल वाढदिवस, साखरपुडा, हळद, दशक्रिया आणि सभेला देता येतो. गणिताला नाही."

"अरे, पण शैक्षणिक कार्यक्रम आहे."

"कलम सात बघा. वरील कारणांव्यतिरिक्त कोणत्याही कारणासाठी हॉल दिला जाणार नाही. 'कोणत्याही'च्या खाली रेघ आहे."

नवलभाऊंनी रेघेकडे पाहिलं. रेघ ओळखीची होती. नियमावली त्यांनीच लिहून दिली होती आणि ती रेघही त्यांनीच, पट्टी लावून मारली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर त्रुटी काढणाऱ्या माणसाला आपल्याच त्रुटीसमोर उभं राहताना काय वाटतं, ते इथे सांगत बसत नाही.

"वाढदिवस म्हणून नोंद करू का?" रविंद्रने विचारलं.

"कोणाचा?"

"गणिताचा म्हणा."

शेवटी रविंद्रनेच तोड काढली. कॉलनीचाच कार्यक्रम म्हणून करायचा, मग कलम आड येत नाही. फक्त कॉलनीचा कार्यक्रम म्हटला की नारळ फोडायचा, दोन शब्द बोलायचे आणि एक बॅनर लावायचा. नवलभाऊ हो म्हणाले. बॅनरला हो म्हणणं ही त्यांची पहिली चूक होती, असं ते मानतात. वहिनींच्या मते ती चौथी.

बॅनर भाऊबीजेच्या सकाळी कॉलनीच्या तोंडाशी लागला. त्यावर नऊ जणांचे फोटो होते, त्यातले दोघे कॉलनीत राहतही नव्हते. संयोजक म्हणून नवलभाऊंचं नाव खाली कोपऱ्यात होतं, पण तो कोपरा खांबाभोवती गुंडाळून बांधलेला असल्यामुळे "संयोजक : नव" एवढंच दिसत होतं. मधोमध मोठ्या पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, भव्य फराळ स्पर्धा. 'गणित' हा शब्दही होता. तो बॅनरवाल्याने फराळ आणि स्पर्धा यांच्या मधल्या फटीत, दुसरी वेलांटी देऊन, इतका बारीक बसवला होता की मुद्दाम शोधल्याशिवाय सापडत नव्हता. आणि त्याखाली, प्रथम क्रमांकास हॉटपॉट.

"स्पर्धा कोणी सांगितली होती?" नवलभाऊंनी रविंद्रला फोन करून विचारलं.

"भाऊ, स्पर्धा नसली तर लोक कशाला येतील?" रविंद्र म्हणाला, आणि यात त्याची काही चूक आहे असं त्याला वाटलं नाही.

दुपारपर्यंत कॉलनीतल्या कढया पुन्हा चढल्या. दिवाळी संपत आली होती, डबे तळाला गेले होते, बायका दमल्या होत्या, आणि तरीही घराघरांतून तळणाचा आवाज येऊ लागला. आवाजच, वास नाही. कारण वासावरून शेजारणीला भाजणीचा अंदाज येतो, म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या होत्या. झुलाल आबांच्या घरच्या पुष्पाअक्का आणि दिपमालावहिनी या दोघींचं भिंतीवरून वाट्या देणं-घेणं इतकं जुनं की कोणती वाटी कोणाची हे दोघींनाही आठवत नसे. त्या दिवशी भिंतीवर फक्त मांजर बसलं होतं.

नवलभाऊ घरोघरी जाऊन सांगून आले की ही स्पर्धा नाही, मुलांचं गणित आहे. सगळ्यांनी त्यांना चहा दिला. कोणाचाही विश्वास बसला नाही. "संयोजक तर असंच म्हणणार," असं वृषालीची आई हसून म्हणाली, आणि दार लावून आत तळायला गेली.

घरी आले तर दिपमालावहिनी ओट्यावर भाजणीची पिशवी ठेवून उभ्या. ही भाजणी त्यांच्या आईने चोपड्याहून पाठवलेली.

"डब्यातली उरलेली चकली न्यायची नाही," त्या म्हणाल्या. "ताजी करते. संयोजकाच्या घरची चकली मागे पडली तर मी चोपड्याला तोंड कसं दाखवू?"

"मी मदत करतो," नवलभाऊ म्हणाले.

वहिनींची चकली म्हणजे हाताचा अंदाज. मोहन किती, तर एवढं. पाणी किती, तर पीठ सांगेल तेवढं. नवलभाऊंना वाटलं, घरात तर्कशुद्ध पद्धत आणायची हीच वेळ. त्यांनी शेजारून वजनकाटा आणला, मृणालीला बोलावलं. "एक किलोला शंभर ग्रॅम तेल, तर दीड किलोला?" मृणालीने दीडशे सांगितलं, बरोबर सांगितलं, आणि बाप-लेक खूश झाले. पाण्याचंही प्रमाण काढलं. वहिनी भिजवताना एका क्षणी थांबल्या. "बास, पीठ आता पाणी घेत नाही."

"अजून पाऊण वाटी राहिलं आहे."

"पीठ नाही म्हणतंय."

"प्रमाण म्हणजे प्रमाण," नवलभाऊ म्हणाले आणि पाऊण वाटी ओतली.

चकल्या दिसायला देखण्या झाल्या. सोनेरी, काटेदार. दुसऱ्या दिवशी, कार्यक्रमाच्या सकाळी डबा उघडला तर चकली तुटत नव्हती, वाकत होती. वहिनींनी ती एकदा वाकवली, सोडली, ती हळूहळू पूर्वपदावर आली. वहिनींनी ती परत डब्यात ठेवली. त्या चिडल्या असत्या तर नवलभाऊंना बरं वाटलं असतं. नवीन करायला वेळ नव्हता. त्याच चकल्या ताटात मांडल्या आणि रुमाल टाकून तिघंही निघाले.

हॉलमध्ये पहिल्या दोन रांगांत बायका बसल्या होत्या, परीक्षेच्या निकालाला बसतात तशा. रविंद्रने नारळ फोडला. दोन शब्द बोलतो म्हणाला आणि रस्ते, गटारी, पथदिवे यावर बोलला. मग नवलभाऊंनी मुलांना रांगेत उभं करून आकडे म्हणायला लावले. एकोणीस मुलं भरली. फळ्यावर त्यांनी लिहिलं, तर्क म्हणजे एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाणे.

आणि खरं सांगायचं तर सकाळ फार छान गेली. मुलांनी करंज्यांचे अर्धे आणि पाव केले. चकल्यांचे वेढे दोऱ्याने मोजले. लाडवांचं वजन केलं. एका मुलीने भर सभेत सांगितलं की या ताटातले लाडू जास्त दिसतात, पण लहान आहेत, त्यामुळे बेसन तेवढंच लागलं असणार. ताट कोणाचं होतं ते त्या बाईच्या बसण्यावरून सगळ्यांना कळलं. पण मुलं हात वर करत होती, एकमेकांना खोडून काढत होती, कशावरून असं विचारत होती. नवलभाऊंना वाटलं, आपण चुकून वरिष्ठ सहायक झालो.

शेवटी चकली. चार घरांतून चकल्या आल्या होत्या. नवलभाऊंनी ताटांना क, ख, ग, घ अशी अक्षरं दिली आणि कोणती कोणाची हे मुलांना सांगितलं नाही. प्रत्येकाने चारही चाखायच्या आणि आवडत्या अक्षराच्या बोळक्यात एक शेंगदाणा टाकायचा. लक्ष्मीपूजनाची बोळकी होतीच, दाणे झुलाल आबांनी पिशवीभर दिले होते, भाजून, सोलून, पांढरेशुभ्र. आपल्या शेंगांचं अखेर चीज झालं म्हणून ते पहिल्या रांगेत येऊन बसले होते. वृषालीने एकेकाच्या हातावर एकेक दाणा ठेवला. मतं पडली. मतमोजणी गुप्त झाली पाहिजे, असं रविंद्रने ठरवलं आणि नवलभाऊंना बोळक्यांसह आतल्या खोलीत पाठवून स्वतः दाराशी उभा राहिला.

आत पाहुण्यांसाठीच्या चिवड्याचं पातेलं होतं आणि नवलभाऊ होते. त्यांनी मोजलं. क मध्ये नऊ. ख मध्ये पाच. घ मध्ये चार. ग मध्ये एक.

ग म्हणजे कोण, हे त्यांना माहीत होतं. तो एकुलता दाणा बोळक्याच्या तळाशी पडला होता आणि नवलभाऊंना तो स्वतःसारखा वाटला. त्यांना पाऊण वाटी पाणी आठवलं. बाहेर पहिल्या रांगेत पदर सावरून बसलेली बायको आठवली. चोपडा आठवलं. नंतर काय झालं ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. हात आपोआप पातेल्याकडे गेला, असं ते म्हणतात. हात आपोआप पातेल्याकडे जाण्याची त्यांची सवय कॉलनीला माहीत असल्यामुळे एवढं तरी सगळे मान्य करतात.

बाहेर येऊन त्यांनी फळ्यावर चार उभे स्तंभ काढले. क नऊ, ख पाच, ग पाच, घ चार. टाळ्या झाल्या. रविंद्रच्या बायकोने, भदाणेवहिनींनी, क हे अक्षर बघून मान खाली घातली, पण हसू लपलं नाही. ख म्हणजे पुष्पाअक्का, त्या शांत होत्या. आणि दिपमालावहिनींनी फळ्याकडे बघून नुसतं "पाच?" म्हटलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की नवलभाऊंना वाटलं, केलं ते बरोबर केलं.

मृणाली उभी राहिली. तिचे ओठ हलत होते.

"पप्पा, तेवीस."

"काय तेवीस?"

"नऊ नि पाच चौदा, नि पाच एकोणीस, नि चार तेवीस. आपण एकोणीस आहोत."

"कोणी दोन दाणे टाकले असतील," नवलभाऊ म्हणाले. "आता चिवडा घेऊ या."

"वृषालीने एकेकच दिला होता," मृणाली म्हणाली. "आणि पिशवी आबांच्या मांडीवर होती."

"फेरमोजणी झाली पाहिजे," रविंद्र जोरात म्हणाला. "भाऊ, तुमच्यावर शंका नाही. पण कारभार स्वच्छ पाहिजे."

बोळकी वर्तमानपत्रावर पालथी झाली. तीन ढीग पांढरे. चौथ्या ढिगात एक दाणा पांढरा आणि चार पिवळे, तेलाने चमकणारे, एकाला कढीपत्त्याचं पान चिकटलेलं. झुलाल आबा वाकून बघायला आले. "बठ्ठा दाना मना शेतस," सगळ्या पांढऱ्या ढिगांवरून बोट फिरवत त्यांनी जाहीर केलं. "हाऊ पिवळा मना नही."

मृणालीने एक पिवळा दाणा उचलून वास घेतला. "तळलेला आहे. हळद आहे. हा चिवड्यातला."

"चिवडा कुठे आहे?" कोणीतरी विचारलं.

"आतल्या खोलीत," दहा-बारा मुलं एकदम म्हणाली.

"आत कोण गेलं होतं?"

एकोणीस डोकी नवलभाऊंकडे वळली. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाणे, हे फळ्यावर अजून पुसलेलं नव्हतं.

"ग म्हंजे तुनाच घरनं ताट शे ना, नवलभाऊ?" आबांनी अगदी प्रेमाने विचारलं.

दिपमालावहिनी उठल्या. ग च्या ताटातली एक चकली त्यांनी उचलली, सगळ्यांसमोर वाकवली आणि परत ठेवली. "पाणी जास्त झालं," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "मी तेव्हाच सांगत होते. आणि चार दाणे टाकून मला बरं वाटेल, असं वाटलं तुम्हाला?"

"वाटलं होतं," नवलभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज फार लहान झाला होता.

वहिनींनी हात पदराला पुसले. "वाटलंही," त्या म्हणाल्या. "घटकाभर. आता हे एक खरं मत कोणाचं, तेवढं कळू द्या."

नवलभाऊंनी आशेने मृणालीकडे पाहिलं. "माझं क ला," मृणाली खालमानेने म्हणाली. कोणीच पुढे येईना. अखेर भूषणने हात वर केला. त्याचे पुढचे वरचे दोन आणि खालचे दोन दात नुकतेच पडले होते. "ती दुखत नाही," तो म्हणाला.

पहिल्यांदा हसल्या त्या दिपमालावहिनीच. मग हॉलला हसायची मोकळीक मिळाली आणि ती सगळ्यांनी भरपूर घेतली. नवलभाऊंनीही थोडी घेतली, कारण न हसता उभं राहणं जास्त अवघड होतं.

या गडबडीत रविंद्रने हॉटपॉट उचलला आणि प्रथम क्रमांक जाहीर करायला माइक हातात घेतला. भदाणेवहिनी साडीच्या निऱ्या नीट करत उभ्या राहिल्या. पण मुलांना आता कोण थांबवणार होतं. एकदा विचार करायची सवय लागली की ती कार्यक्रम संपल्याबरोबर सुटत नाही. वृषालीच्या हातात अजून मोजणीचा दोरा होता.

"काका, पण क च्या सगळ्या चकल्या एकाच मापाच्या कशा?" तिने नवलभाऊंना विचारलं. "अक्कांच्यात एक मोठी, एक लहान, एकीला शेपूट आहे. आमच्या घरच्याही तशाच. या मात्र सगळ्या सारख्या."

"हाताने पाडलेल्या नसतील," मृणाली म्हणाली. "यंत्राने पाडल्या असतील. आणि यंत्र कोणाच्या घरी नसतं."

"आमच्या माहेरची, जळगावची पद्धतच तशी आहे," भदाणेवहिनी घाईने म्हणाल्या.

रविंद्रच्या हातातला माइक चालू होता. "अगं, मी परवा जळगावहून पाकीट आणलं होतं, तीच का ही?" त्याने भाबडेपणाने विचारलं, आणि हे बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

भाऊबीजेपासून पुष्पाअक्कांनी आणि दिपमालावहिनींनी एकमेकींकडे पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. अक्कांनी पदर तोंडाला लावला. वहिनींनी भिंतीकडे तोंड केलं. दोघींचे खांदे हलत होते, आणि खिडक्या लावून तळलेल्या त्या तळणाचा सगळा ताण त्या हसण्यात निघून गेला. भदाणेवहिनींनीही थोड्या वेळाने हसून घेतलं, आणि घरी गेल्यावर नवऱ्याला काय सांगायचं ते राखून ठेवलं.

क बाद झालं, आणि पाच मतांवर हॉटपॉट पुष्पाअक्कांना मिळाला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, फिरून चालत आल्या आणि दिपमालावहिनींच्या मांडीवर ठेवला. "हाई तू ठेव, बाई," त्या म्हणाल्या. "यामा चकली नरम पडत नही."

बायका हॉलमध्येच गप्पा मारत बसल्या. मऊ चकलीसुद्धा चिवड्यात कुस्करून संपली. नवलभाऊ आणि मृणाली बोळकी घेऊन पुढे निघाले. रस्त्यावर उन्हात कुत्री झोपली होती, वर बॅनर फडफडत होता.

"मृणाली, माझं चुकलं," नवलभाऊ म्हणाले.

"हो, पप्पा." ती काही पावलं विचार करत चालली. "चार दाणे बाहेरून आणायलाच नको होते. क मधले चार काढून ग मध्ये टाकायचे. एकोणीसचे एकोणीस राहिले असते, आणि सगळे पांढरेच."

नवलभाऊ चालता चालता थांबले.

"मग क ला पाच, ख ला पाच, आपल्याला पाच," ती बोटांवर नाही, मनातच मांडत म्हणाली. "तिघींचा पहिला नंबर. कोणी कोणावर रागावलं नसतं."

"आणि घ? वृषालीच्या आईला चारच राहतात."

"काकूंना मी समजावून सांगितलं असतं. एकोणीसला चारने भाग जात नाही."

नवलभाऊंनी मागे वळून रस्ता पाहिला. वहिनी अजून हॉलमध्येच होत्या, आबांची खुर्ची रिकामी होती, ऐकणारं कोणी नव्हतं. मग त्यांनी बोळकी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने मुलीच्या पाठीवर एक सणसणीत थाप दिली.